पडद्याबाहेरचे सोंगाडे

(तृतीय वर्ष, कला शाखा)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत आमच्या वर्गात एक वाद झाला. वाद कसला, चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत कँटीनच्या बाकावर चाललेली बाचाबाची. विषय असा, की महाराष्ट्रातला सर्वांत मोठा विनोदी नट कोण? नावे भराभर पडू लागली. दादा कोंडके, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, मकरंद अनासपुरे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, "दादू इंदुरीकर."

क्षणभर कोणी बोलेना. मग एकाने विचारले, "कुठल्या पिक्चरमध्ये होते?"

"पिक्चरमध्ये नाही. तमाशात."

"एवढे मोठे होते, तर एखादा तरी गाजलेला पिक्चर असता ना!"

सगळे हसले. मीही हसले, कारण त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. सोंगाड्याला जे उत्तर तिथल्या तिथे सुचते, ते आपल्यासारख्यांना वर्षभराने सुचते. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर होय. माझ्या त्या मित्राने तो वाचावा आणि पटले नाही तर पुन्हा वाद घालावा, चहा मी पाजीन.

मी कोंडाण्याची. 'कोंडाणे' म्हटले की पुष्कळांना सिंहगड आठवतो. पण तो कोंढाणा वेगळा. आमचे कोंडाणे कर्जत तालुक्यातले, राजमाचीच्या पायथ्याचे, लेण्यांचे. पावसाळ्यात मुंबईची मंडळी पाठीवर पिशव्या टाकून येतात आणि आमच्या अंगणात उभी राहून वाट विचारतात. अंगणातून मान वर केली की श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. त्या डोंगराच्या पलीकडे मावळ. आमच्या बाजूचे पाणी उल्हास नदीने पश्चिमेला जाते, पलीकडचे इंद्रायणीने पूर्वेला. त्या इंद्रायणीच्या काठी, तळेगाव दाभाड्याजवळ, इंदुरी नावाचे गाव आहे. दादू इंदुरीकर तिथले. त्यांचे खरे नाव गजानन राजाराम सरोदे. गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून लावले आणि इतके मोठे केले, की सरोदे हे नाव आता सांगावे लागते.

माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा रस्ता त्यांनी उमेदीची सारी वर्षे पायाखाली घातला. पावसात दरड पडली की रात्री-अपरात्री कंदील घेऊन निघायचे. या माणसाला एकच व्यसन होते, आणि ते म्हणजे तमाशा. पाळी संपली आणि घाटावर कुठे जत्रा असली, की घरी न येता ते गाडीने वर जात आणि रात्रभर तमाशा पाहून सकाळी खाली उतरत. तिथेच त्यांनी 'गाढवाचं लग्न' पाहिले. एकदा नव्हे, मोजदाद ठेवली नाही इतक्यांदा.

ज्यांनी हा वग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. इंद्राच्या दरबारातल्या एका गंधर्वाला आगळिकीबद्दल शाप मिळतो आणि तो पृथ्वीवर गाढव होऊन पडतो. ते गाढव सापडते सावळ्या नावाच्या कुंभाराला. गाढव माणसासारखे बोलते, आणि बोलते तेही साधे नाही; राजाची मुलगी मला बायको करून दे, असा हट्ट धरते. मग सावळ्या आणि त्याची बायको गंगी यांची जी त्रेधा उडते, तो हा वग. हरिभाऊ वडगावकरांनी तो रचला आणि दादू इंदुरीकरांनी सावळ्या होऊन तो महाराष्ट्रभर नेला. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८० साली ते गेले. सिनेमाच्या पडद्यावर त्यांचे नाव झाले नाही. जे झाले ते बोर्डावर, ढोलकीच्या आणि हलगीच्या साक्षीने.

आता आजीबद्दल. आजी तमाशाला कधीही गेली नाही. आमच्यासारख्या घरांतल्या बायकांनी कनातीच्या आत पाऊल टाकायचे नाही, अशी रीत होती. पण 'गाढवाचं लग्न' आजीला पहिल्यापासून शेवटपर्यंत येते! झाले असे, की आजोबा पहाटे घरी आले की चुलीपुढे बसत आणि भाकऱ्या होईपर्यंत रात्रीचा सगळा वग आजीला करून दाखवत. सावळ्या ते, गाढव ते, राजाही तेच. आणि गंगीची वाक्ये हळूहळू आजीकडे आली. असे किती वर्षे चालले कोण जाणे. लहानपणी मी अंथरुणात पडून हा तमाशा ऐकला आहे. आमच्या घरात भांडण फार पेटले, तर दोघांपैकी एक जण सावळ्याच्या नाहीतर गंगीच्या सुरात बोलू लागे आणि भांडण तिथेच मोडे.

तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. त्यानंतर चुलीपुढचा वग बंद झाला. मी मोबाइलवर दादू इंदुरीकरांचे नाव घालून शोधत बसे. त्यांच्यावर लिहिलेले पुष्कळ सापडले. पण आजोबा सांगत ती रात्र काही सापडली नाही. तेव्हा, खरे सांगते, माझ्याही मनात कँटीनमधल्या मित्राचीच शंका येऊन गेली होती. आजोबा वाढवून तर सांगत नसतील? आपल्या माणसाने ज्याच्यावर जीव टाकला, तो खरोखर तेवढा मोठा होता की नाही, हे न कळणे फार टोचते. वाद जिंकण्याशी मला कर्तव्य नव्हते. मला आजोबांवरचा विश्वास परत हवा होता.

म्हणून मी ठरवले, की संमेलनाच्या विविध गुणदर्शनात सावळ्या कुंभाराचा एक प्रवेश करायचा. मुलीने सोंगाड्या व्हायचे म्हटल्यावर थोडी कुजबुज झाली. पण तमाशात पुरुष पदर घेऊन मावशी होऊ शकतो, तर मुलीने फेटा बांधायला हरकत कसली? शिकवणारी कोण, तर आजी, जिने तमाशाचा तंबू आतून कधी पाहिला नाही. ती खाटेवर बसून मला सांगे, "थांब. लगेच बोलू नको. लोकांना आधी तुझ्याकडं बघू दे. आता हळूच गाढवाकडं बघ. आता पुन्हा लोकांकडं. हां, आता बोल." मी विचारले, "आजी, हे तुला कोणी शिकवले?" ती म्हणाली, "तुझ्या आजोबानं." आणि आजोबांना? समोर बसून ज्याला पाहिले त्या माणसाने.

तालमींत आम्ही प्रत्येक वेळी मोबाइलवर चित्रण करून पाहत होतो. दरवेळी ते पडेल वाटे. शब्द तेच, थांबणे तेच, पण हसू येईना. कार्यक्रमाच्या दिवशी मी धडधडत्या छातीने रंगमंचावर गेले. आमच्याकडे गाढव नव्हते. पुठ्ठ्याचे केलेले कान आयत्या वेळी तुटले होते. मी रिकाम्या जागेकडे पाहून गाढवाशी बोलू लागले. पहिली दोन मिनिटे सभागृहात खुर्च्यांची करकर तेवढी ऐकू येत होती. इतक्यात मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, "अहो, पण गाढव कुठाय?"

मी बोलणे थांबवले. आजीने सांगितले होते तशी आधी लोकांकडे पाहिले, मग त्या रांगेकडे, आणि म्हटले, "आत्ता ओरडलं ते कोण मग?"

सभागृह असे काही कोसळले म्हणता! तो मुलगाही खुर्चीवर उभा राहून हसत होता. त्याला काय वाटले कोणास ठाऊक, तो तिथूनच गाढवासारखा ओरडला. पुढची दहा मिनिटे तो आमचे गाढव झाला आणि मी त्याचा कुंभार. प्रवेश कुठून कुठे गेला ते मलाही आठवत नाही. खाली उतरले तेव्हा हातपाय कापत होते. पण आजोबा खोटे बोलत नव्हते, हे मला कळले होते.

खरी गंमत पुढे आहे. एका मैत्रिणीने ते सगळे मोबाइलवर टिपले होते. दुसऱ्या दिवशी मी ते मुंबईच्या मावसभावाला पाठवले. त्याचे उत्तर आले, "यात हसण्यासारखे काय आहे?" मी पुन्हा पाहिले. खरेच काही नव्हते! मागच्या रांगेतले ओरडणे ऐकूच येत नव्हते. मी एकदम थांबते, भलतीकडे पाहते, एक वाक्य बोलते, मग कानठळ्या बसवणारा गोंगाट, आणि चित्र गदागदा हलते, कारण टिपणारी मैत्रीणही हसत होती. ज्या क्षणी सगळा जीव होता, तो क्षण मोबाइलला दिसलाच नव्हता. त्याला मी दिसले. माझ्या आणि त्या मुलाच्या मधल्या हवेत जे घडले, ते दिसले नाही.

माझे मत जे आहे ते येथून निघते. रंगमंचावरच्या विनोदाचा एक प्रकार असा आहे, की त्यातला निम्मा नट करतो आणि निम्मा प्रेक्षक. कॅमेऱ्यापुढे तो निम्मा प्रेक्षक नसतो. म्हणून जो नट या प्रकारात जितका मोठा, तितका तो पडद्यावर कमी मावतो. दादू इंदुरीकर सिनेमात नावाजले नाहीत, हे ते लहान असल्याचे लक्षण नव्हे. त्यांच्या मोठेपणाची जात वेगळी होती.

वगाची गोष्ट ठरलेली असते, पण संवाद बरेचसे उभ्या उभ्या घडतात. राजा-प्रधानाला आपापली वाट ठाऊक असते. सोंगाड्याला ती वाट सोडून जाण्याची मोकळीक असते, किंबहुना तेच त्याचे काम. गावात शिरताना त्याने चावडीवर कोण बसले आहे, यंदा पाऊस कसा झाला, कोणाच्या घरी नवी मोटारसायकल आली, हे हेरून ठेवलेले असते. रात्री तेच गाव राजाच्या दरबारात हजर होते. आजोबा म्हणत, "समोर कुणी खोकला, तरी त्याला जबाब मिळायचा." आता सांगा, सिनेमाच्या थिएटरात आपण खोकलो तर पडद्यावरचा नट काय करील?

हे एकट्या इंदुरीकरांपुरते नाही. माझ्या समजुतीप्रमाणे महाराष्ट्रात असे आणखी थोर विनोदवीर होऊन गेले, ज्यांची किमया पडद्यावर नेताच नाहीशी व्हावी. प्रत्येकाचे कारण मात्र निराळे आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू घ्या. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात दोघेही हवालदार. कोणता काळू आणि कोणता बाळू हे ना वगातल्या पात्रांना कळे, ना समोरच्या हजारो लोकांना. सिनेमात एका नटाचे दोन करणे ही जुनी करामत आहे. आपण ती इतक्या वेळा पाहिली आहे, की पडद्यावर खरोखरीचे जुळे भाऊ आले तरी आपण म्हणू, कॅमेऱ्याची लबाडी असेल. बोर्डावर लबाडीला जागा नसते. तिथे दोन जिवंत माणसे एकाच मुद्रेने उभी राहतात आणि आपले डोळे आपल्यालाच फसवतात. जी गोष्ट पडद्यावर स्वस्त झाली, ती तंबूत सोन्याच्या मोलाची होती.

प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे दुसरे उदाहरण. १९७९ साली सुरू झालेल्या या एकपात्री प्रयोगात ते एकटे ५२ पात्रे उभी करीत. मान वळली की माणूस बदलला, आवाज चिरका झाला की बाई आली. सिनेमावाला काय करील? तो ५२ नट आणील, विमान आणील, खरे लंडन आणील, आणि आपल्याला पाहण्याजोगे काही उरणार नाही. कारण त्या प्रयोगाची मौज वऱ्हाडात नव्हतीच. एका माणसात अख्खे वऱ्हाड मावते, यात होती.

आणि आपल्या कोकणचे मच्छिंद्र कांबळी! गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले आणि कांबळींच्या तात्या सरपंचाने मालवणी बोलीला मुंबईच्या नाट्यगृहांत मानाचा पाट दिला. पाच हजारांवर प्रयोग झाले. ते पडद्यावर थोडेफार दिसले. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते तात्या सरपंच म्हणून. 'वस्त्रहरण' म्हणजे गावातल्या हौशी मंडळींनी बसवलेल्या नाटकाचा उडालेला बोजवारा. चुका हाच त्याचा प्राण. सिनेमात चूक झाली तर ती कापतात आणि पुन्हा चित्रण करतात. त्यामुळे पडद्यावरची चूक ही मुद्दाम ठेवलेली चूक असते. रंगमंचावर मात्र, आता खरोखरच पडदा पडतो की काय, ही धाकधूक शेवटपर्यंत राहते, आणि त्या धाकधुकीतूनच हसू फुटते.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप दादा कोंडके. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये हवालदार होऊन त्यांनी महाराष्ट्र हसवला. १९६९ साली भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून ते पडद्यावर आले, आणि १९७१ साली त्यांच्या चित्रपटाचे नावच 'सोंगाड्या' होते. तो तुफान चालला. म्हणजे सोंगाड्या पडद्यावर जाऊ शकतो. हो, जाऊ शकतो. मी ते नाकारीत नाही. पण दादांनी पडद्यासाठी नवा सोंगाड्या घडवला. भोळा, ढगळ अर्ध्या चड्डीतला, शब्दाच्या दोन अर्थांवर कसरत करणारा. ही त्यांची प्रतिभा. एक झाड कुंडीत लावता आले, म्हणून जे झाड कुंडीत येत नाही ते झाडच नव्हे, असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कोणी म्हणेल, बाई गं, हे सगळे पोट भरलेल्यांचे बोलणे. सिनेमात पैसा होता, नाव होते. तमाशा कलावंताच्या नशिबी जत्रेची सुपारी, ट्रकचा प्रवास आणि म्हातारपणी हालअपेष्टा. ते सिनेमात गेले नाहीत, की त्यांना कोणी बोलावले नाही? हा प्रश्न मी टाळणार नाही. तमाशाची गाणी, ढोलकी, बोली सिनेमाने उचलली आणि त्यावर पैसा केला. तमाशातली माणसे मात्र बहुतांशी फडातच राहिली. हा अन्यायच. त्यांची कला पडद्यावर मावत नव्हती, या माझ्या मुद्द्याने तो झाकला जाऊ नये. एखाद्याचा मोठेपणा मान्य करणे आणि त्याला त्याचे देणे देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. आपण पहिलेही केले नाही आणि दुसरेही.

तिसरा आक्षेप माझा मीच घेते. एखादी रात्र पुरती चित्रित झाली असती, तर मला नको असती का? हवी होती! त्यासाठी मी काहीही दिले असते. पण माझ्या मावसभावाचे उत्तर मला आठवते. चित्रणाने पुरावा राहतो. कला राहतेच असे नाही. २००७ साली 'गाढवाचं लग्न' चित्रपट आला. मकरंद अनासपुरे त्यात सावळ्या झाले. घरी टीव्हीवर लागला तेव्हा आजीने तो सगळा पाहिला, बऱ्याच ठिकाणी हसलीही. संपल्यावर तिला विचारले, "कसा वाटला?" ती म्हणाली, "चांगलाय. पण हा आपल्याकडं बघत नाय."

जिने बोर्डावरचा सावळ्या कधी पाहिला नाही, तिने एका वाक्यात सिनेमा आणि तमाशा यांतला फरक सांगितला. आमच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न दहा गुणांना असतो.

रंगमंचाच्या विनोदाचा आणखी एक गुण मला सावळ्या करताना कळला. आजीने सांगितलेल्या काही कोट्या मी गाळल्या. बायकांवरच्या, कोणाच्या व्यंगावरच्या. आजीला भीतभीत सांगितले, तर ती म्हणाली, "गाळ की. समोर कोण बसलंय ते बघूनच बोलायचं असतं." सिनेमातला विनोद जसा केला तसा कायमचा राहतो, चाळीस वर्षांनी तो बोचू लागला, तरी बदलता येत नाही. बोर्डावरचा विनोद दर रात्री नवा जन्म घेतो, म्हणून तो सुधारूही शकतो.

मग जे टिपले गेले नाही ते राहते कसे? याचे उत्तर मला आमच्याच गावच्या लेण्यांत सापडले. कोंडाण्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. दर्शनी भागात नाचणाऱ्या जोड्या कोरलेल्या आहेत. म्हणजे आमच्या गावात नाच-तमाशाची आवड जुनीच म्हणायची! तिथेच डाव्या बाजूला एका मोठ्या मूर्तीचा भंगलेला अवशेष आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. लहानपणापासून ती ओळ पाहत आले, पण तिच्यातली खुबी आता कळली. बलकाची मूर्ती निदान अर्धीमुर्धी उरली आहे. त्याचा गुरू कण्ह याने काय घडवले, ते कोणी सांगू शकत नाही. तरीही दोन हजार वर्षांनी आपण कण्हाचे नाव घेतो. कारण शिष्याने स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव कोरले.

दूरदेशीही हीच रीत दिसते. लंडनचा जोसेफ ग्रिमाल्डी हा विदूषक १८३७ साली वारला. तेव्हा सिनेमाचा शोधही लागला नव्हता. त्याला हसताना पाहिलेला एकही माणूस आज नाही. तरी दर वर्षी फेब्रुवारीत तिथले विदूषक तोंडे रंगवून चर्चमध्ये जमतात आणि त्याचे स्मरण करतात. इंग्रजीत विदूषकाला 'जोई' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. आपल्याकडे 'गाढवाचं लग्न' प्रकाश इनामदारांनी पुढे नेले, मोहन जोशींनी केले. 'वऱ्हाड' संदीप पाठक करतात. पडद्याबाहेरचे मोठे कलावंत असे राहतात. पुढच्याच्या अंगात राहतात.

आपल्या भागाला आता सिनेमा परका नाही. खालापूर तालुक्यात चौकजवळ २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा राहिला, तेव्हापासून किल्ले आणि महाल आपल्या शेजारी उगवू लागले. माझ्या वर्गातली दोन मुले गर्दीच्या दृश्यात उभी राहून आली आणि आठवडाभर तेच सांगत होती. त्यांचा आनंद मला समजतो. सिनेमावर माझा राग नाही; दर शुक्रवारी मीही वाट पाहते. माझे म्हणणे एवढेच, की सिनेमा हे मोठेपणा मोजण्याचे एकमेव माप नव्हे. शेराच्या मापाने कापड मोजू नये.

म्हणून शेवटी दोन सूचना करते, एक मित्रमैत्रिणींना आणि एक गुरुजनांना. मित्रहो, तुमच्या घरात कोणी आजोबा, आजी, चुलते असतील, ज्यांनी कोणा सोंगाड्याला, दशावताऱ्याला, भारुडातल्या नटाला पाहिले किंवा नुसते ऐकले असेल. त्यांच्याजवळ बसा. ते शब्द लिहून घ्याच, पण त्याहून ते कुठे थांबतात, कुठे पाहतात ते शिका. आणि करून दाखवाल तेव्हा बलकासारखे सांगा, की हे अमक्याकडून आले. आणि सर-मॅडमना विनंती, की लोकसाहित्याच्या पेपरासाठी गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम आम्ही पाठ करतोच. यंदाच्या संमेलनात पंधरा मिनिटे बतावणीला द्या. संहिता मागू नका. मागच्या रांगेला ओरडायची परवानगी द्या.

राहिला माझा कँटीनमधला मित्र. "एवढे मोठे होते, तर एखादा तरी पिक्चर असता ना," असे तो म्हणाला होता. त्याला माझे उत्तर असे: पिक्चर नाही, पण कोंडाण्यात एक म्हातारी आहे. तिने दादू इंदुरीकरांना जन्मात पाहिले नाही, आणि त्यांनी कुठे थांबायचे ते तिला अजून ठाऊक आहे. एवढे ज्या पिक्चरला जमले असेल, त्याचे नाव त्याने मला सांगावे.

आणि हो, त्या दिवशी मागच्या रांगेतून ओरडला तो हाच.